परक्याच्या खांबाला बांधलेली होडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

समुद्रातल्या तेलविहिरी म्हटल्या की आपल्याला 'सागर सम्राट' आठवते. फेब्रुवारी १९७४ मध्ये या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली तेल शोधले आणि 'बॉम्बे हाय' हे नाव घरोघरी पोचले. पण ते पोचले ते वर्तमानपत्रातून आणि शाळेच्या पुस्तकातून. ती जागा प्रत्यक्ष पाहिलेले लोक थोडेच. हेलिकॉप्टरने ये-जा करणारे कामगार, पुरवठा जहाजांवरचे खलाशी, आणि आठ-आठ दिवस समुद्रावर राहणारे आपले मच्छीमार. बाकीच्यांसाठी तेलविहीर म्हणजे क्षितिजापलीकडची गोष्ट.

जगात एक किनारा मात्र असा आहे, की तिथे तेलविहीर ही सुट्टीच्या दिवशी जायची जागा झाली. अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखातावर लुइझियाना नावाचे राज्य आहे. तिथला एखादा सुतार, शिक्षक किंवा दुकानदार शनिवारी पहाटे पेटीत बर्फ भरतो, वीस-बावीस फुटी होडी गाडीमागे जोडून धक्क्यावर आणतो आणि तासाभरात कुठल्यातरी तेलकंपनीच्या खांबाला ती बांधून गळ टाकून बसतो. आता या माणसाची तिसरी-चौथी पिढी हे करते आहे. गंमत अशी, की तो खांब त्याच्यासाठी कोणी उभारला नव्हता. खांबावर त्याचा कसला हक्क नव्हता, आणि खांब कायम राहील असे वचनही त्याला कोणी दिलेले नव्हते. तरीही त्या खांबाभोवती एक अख्खा लोकव्यवहार उभा राहिला. तो कसा जमला आणि आज का विरतो आहे, याचा इतिहास आज पाहू.

सुरुवात चिखलापासून करावी लागेल. मिसिसिपी ही उत्तर अमेरिकेची महानदी याच राज्यातून समुद्राला मिळते. हजारो वर्षे तिने आणलेला गाळ या किनाऱ्यासमोर पसरला आहे. त्यामुळे मैलोगणती तळ सपाट, मऊ आणि चिखलाचा. कोळंबीला हा तळ मानवतो. किनाऱ्यालगतची खाजणे म्हणजे तर माशांच्या पिल्लांचे पाळणाघर. पण जे मासे खडपाच्या आसऱ्याने राहतात, त्यांना इथे किनाऱ्याजवळ थारा नाही. खडक आणि प्रवाळ शोधायचे तर पार खंडमंचाच्या कडेपर्यंत, शंभर मैलांच्या घरात जावे लागते. लहान होडीच्या आवाक्याबाहेरची ही गोष्ट. आपल्या तांबोशीचा अमेरिकी भाऊबंद असलेला 'रेड स्नॅपर' पूर्वी मोठ्या बोटींनाच मिळायचा, तो यामुळे.

अशा या चिखलात तेलवाल्यांनी खांब रोवायला सुरुवात केली. पाण्यावर विहिरी खोदण्याचे सुरुवातीचे प्रयत्न अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातील समरलँड येथे १८९० च्या दशकात झाले होते. पण ते किनाऱ्याला जोडलेल्या लाकडी धक्क्यांवरून. लुइझियानात १९३८ साली कॅमेरून या गावासमोर, किनाऱ्यापासून दीडेक मैलावर, जेमतेम १४ फूट पाण्यात 'क्रिओल' नावाच्या क्षेत्रात तेल लागले. तिथे शेकडो लाकडी ओंडके तळात ठोकून त्यावर मोठा मंच उभारला होता. कामगारांना राहायला जागा नव्हती. रोज गावातून जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मग समुद्राची नस ओळखणारा माणूस कुठे मिळणार? कोळंबीवाल्यांकडेच. कामगार आणि सामान वाहण्यासाठी त्यांच्याच बोटी भाड्याने घेतल्या गेल्या. तेल आणि मासळी यांचे नाते इथपासून सुरू होते.

पुढचे पाऊल पडले १९४७ साली. केर-मॅगी या कंपनीने दोन भागीदारांसह 'शिप शोल' भागात, किनाऱ्यापासून दहा मैलांहून थोड्या अधिक अंतरावर विहीर खोदली आणि तेल काढले. जमीन डोळ्यांआड झाल्यावर समुद्रात लागलेले हे पहिले तेल, असे तेल उद्योगाच्या इतिहासात नोंदवले जाते. पाणी तिथेही वीसेक फुटांचेच होते. महायुद्ध नुकतेच संपलेले होते. नौदलाच्या मोडीत निघालेल्या बोटी स्वस्तात मिळत होत्या. त्यातलीच एक घेऊन कंपनीने सामान आणि माणसे ठेवण्याची सोय केली. समुद्रतळाची मालकी केंद्राची की राज्याची, यावर तेव्हा अमेरिकेत मोठे भांडण चालले होते. १९५३ च्या दोन कायद्यांनी ते बरेचसे मिटले. लुइझियानाच्या वाट्याला किनाऱ्यालगतचे तीन मैल आले, त्यापलीकडचे केंद्राकडे गेले. कंपन्यांना भाडेपट्टे मिळू लागले आणि आखातात खांबांचे पीक आले.

याच काळात, १९४८ मध्ये, रॉबर्ट फ्लॅहर्टी या विख्यात माहितीपटकाराचा 'लुइझियाना स्टोरी' हा चित्रपट आला. दलदलीत राहणारा एक मुलगा, त्याची चिंचोळी होडी आणि त्याच्या पाणवठ्यात येऊन ठाकलेला तेलविहिरीचा उंच मनोरा, असा तो विषय. मुलगा आधी बुजतो, मग मनोऱ्यावरच्या कामगारांशी त्याची मैत्री होते. चित्रपटाला पैसा एका तेलकंपनीनेच पुरवलेला होता, त्यामुळे त्यातले चित्र गोडच असणार. पण लहान होडी आणि मोठी रिग समोरासमोर आल्यावर पुढे काय काय होणार, याची पहिली नोंद म्हणून तो आजही पाहण्यासारखा आहे.

आता मासे कसे आले ते पाहू. तांत्रिक भाषेत विहीर खोदते ती 'रिग', आणि नंतर वर्षानुवर्षे उभा राहून तेल-वायू काढत राहतो तो 'प्लॅटफॉर्म'. किनाऱ्यावरचे लोक मात्र सरसकट 'रिग'च म्हणतात. आपणही तसेच म्हणू. रिगचे पोलादी पाय पाण्यात उतरले की काही आठवड्यांतच त्यांवर शेवाळ धरते. मग बार्नेकलची टणक पांढरी कवचे चिकटतात, कालवे आणि शिंपले येतात. त्यांच्या फटीत खेकडे आणि कोळंब्या राहतात. त्यांना खायला लहान मासे येतात आणि लहान माशांमागे मोठे. पायांच्या सावलीत प्रवाह मंदावतो, तिथे थकलेल्या माशाला विसावा मिळतो. रात्री दिव्यांच्या उजेडात माकुले आणि बारीक मासळीचे थवे गोळा होतात. पुढे १९९० च्या दशकात लुइझियाना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी ध्वनिलहरी सोडून ही वस्ती मोजली. आठ पायांच्या एका साधारण प्लॅटफॉर्मभोवती बारा ते चौदा हजार मासे असल्याचा अंदाज निघाला. चिखलाच्या माळरानावर जणू एकेक वड लावला गेला होता आणि त्याच्या पारंब्यांत गाव वसले होते.

हे पहिल्यांदा कळले ते कामगारांना. सुट्टीच्या वेळात वरून गळ सोडला की मासा लागत असे. किनाऱ्यावर आल्यावर ही बातमी लपून राहणे शक्य नव्हते. कारण बहुतेक घरांत एक भाऊ कोळंबीवर आणि दुसरा रिगवर, अशी स्थिती होती. ग्रँड आइल या बेटावर १९२८ पासून गळाने मासे पकडण्याची मोठी स्पर्धा भरत आली आहे. मॉर्गन सिटी या गावात १९३६ पासून कोळंबीचा उत्सव होत असे. १९६७ मध्ये त्याला तेलाचेही नाव जोडले गेले आणि तो 'कोळंबी आणि पेट्रोलियम' उत्सव झाला. बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून हसू येते. तिथल्या माणसाला त्यात काहीच विनोदी वाटत नाही. घरातल्या दोन्ही चुली ज्याच्यावर पेटतात, त्या दोन्हींची पूजा एकत्र केली, इतकेच.

लहान होडीला रिगपर्यंत पोचवले ते दोन गोष्टींनी. मागच्या फळीला अडकवायचे आउटबोर्ड इंजिन दुसऱ्या महायुद्धानंतर भरवशाचे आणि सामान्य माणसाला परवडणारे झाले. आणि लाकडाऐवजी फायबरग्लासच्या हलक्या होड्या आल्या. आता पाच-दहा मैल समुद्रात जायला खलाशांचा ताफा नको झाला. बापलेक किंवा दोन मित्र पुरेसे.

पण रिगजवळ होडी थांबवायची कशी? नांगर टाकायची सोय नाही. तळाशी तेल-वायूच्या नळ्या आणि पडलेले लोखंड असते. नांगर अडकला तर दोर कापून परत येण्याची पाळी. म्हणून तिथल्या लोकांनी एक साधे हत्यार केले. म्हातारबाबांच्या काठीसारखा एका टोकाला वाकवलेला धातूचा लांब पाइप, आणि त्याला बांधलेला दोर. याला ते 'रिग हुक' म्हणतात. प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो ते आधी पाहायचे. प्रवाह ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूने, म्हणजे प्रवाहाकडे तोंड करून, हळूहळू खांबाजवळ जायचे. पुढे उभ्या असलेल्या गड्याने आडव्या नळीवर आकडा टाकायचा आणि मागच्याने लगेच इंजिन उलटे फिरवायचे. मग प्रवाहच होडीला खांबापासून दूर ताणून धरतो. हेच उलट्या बाजूने केले तर लाट होडीला लोखंडावर नेऊन आपटते, आणि बार्नेकलची धार होडीची कड सोलून काढते. इंजिन केव्हाही सुरू होईल अशा बेताने ठेवायचे, दोर पंख्यात जाऊ द्यायचा नाही, आणि कंपनीची बोट आली की निमूटपणे बाजूला व्हायचे. वर शिडी दिसली तरी चढायचे नाही. या गोष्टी कोणत्याही शाळेत शिकवल्या जात नव्हत्या. त्या बापाकडून मुलाकडे आल्या.

ऋतूंचे वेळापत्रकही असेच तयार झाले. हिवाळा सरताना 'शीपशेड' येतो. अंगावर उभे काळे पट्टे आणि तोंडात थेट माणसासारखे दात असलेला हा मासा खांबावरची कवचे फोडून खातो. जाणती मंडळी खांब थोडा खरवडतात. कवचांचा चुरा पाण्यात उतरला की मासा वर येतो. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या रिगांवर ठिपकेदार ट्राउट लागतो. नाव ट्राउट असले तरी कुळ आपल्या घोळ-ढोम्याचे. पाणी तापले की पृष्ठभागावर रेंगाळणारा सकला येतो, सुरमईचा तिकडचा भाऊ येतो. आमिष म्हणून मेनहेडन, म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतली तेलकट मासळी, नाहीतर जिवंत कोळंबी.

समुद्रात वाट दाखवायलाही रिगच. प्रत्येक प्लॅटफॉर्मवर मालक कंपनीचे नाव, भाग आणि खंड क्रमांक लिहिलेला असतो. सरकारी नियमच तसा आहे. त्यामुळे 'साउथ टिंबलिये अमुक' किंवा 'ग्रँड आइल तमुक' हे सरकारी पत्ते मच्छीमारांच्या तोंडी गावांच्या नावांसारखे रुळले. रात्री रिगचा दिवा, धुक्यात तिचा भोंगा. आपल्याकडे जसे डोंगराचा सुळका आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून खडप शोधतात, तसे तिथे या लोखंडी मनोऱ्यांवरून समुद्र वाचला जाई. उपग्रहावरून स्थान सांगणारी यंत्रे खिशात यायच्या आधीची ही गोष्ट.

इथे एक प्रश्न मनात येईल. तेलकंपन्यांनी हे चालू कसे दिले? त्यासाठी कायद्यात डोकवावे लागते. १९५८ मध्ये जिनीव्हा येथे खंडमंचाविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पाचव्या कलमात म्हटले होते, की समुद्रातील अशा बांधकामांभोवती देशांना ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र ठरवता येईल. 'ठरवता येईल', म्हणजे ठरवलेच पाहिजे असे नाही. अमेरिकेने सरसकट प्रत्येक रिगभोवती असे वर्तुळ आखले नाही. तटरक्षक दलाने निवडक, मुख्यतः खोल पाण्यातल्या रिगांभोवती ते आखले. आणि तिथेही १०० फुटांपेक्षा कमी लांबीच्या, दुसरे काही ओढून न नेणाऱ्या नौकांना सूट दिली. लहान होडीवाल्याचे सगळे जग या एका सवलतीत मावते.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात ५०० मीटरचे क्षेत्र सर्वांनाच बंद आहे आणि परवानगीवाचून मासेमारी नौकेला तिथे शिरता येत नाही. त्याला कारणेही आहेत. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरात बुडालेली असताना, 'समुद्र सुरक्षा' हे जहाज खवळलेल्या समुद्रात बॉम्बे हायच्या उत्तरेकडील प्लॅटफॉर्मवर आदळले. आग भडकली, अवघ्या काही तासांत तो प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि २२ जणांचे प्राण गेले. ते जहाज तेलक्षेत्राच्याच कामावर होते, मासेमारी नौका नव्हे. पण तेल-वायूच्या नळीला धक्का लागला तर काय होते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. अंतर, खोली, पावसाळी समुद्र, देशाची सुरक्षा, हे सगळे ध्यानात घेता आपला नियम कडक असणे समजण्यासारखे आहे. मात्र एक लक्षात ठेवावे. एकाच समुद्री कायद्याच्या विचारातून दोन देशांनी दोन वाटा काढल्या. एकाने लहान माणसाला आत घेतले, दुसऱ्याने बाहेर ठेवले.

पण लुइझियानातले सगळे मच्छीमार रिगवर खूश होते असे समजू नका. गळवाल्याला जे वरदान, तेच जाळेवाल्याला संकट. कोळंबीची ट्रॉल जाळी तळ घासत जातात. पडलेले पाइप, तोडलेल्या विहिरींचे बुंधे, फेकलेले दोर यांत ती फाटतात. त्याही आधी, १९४० च्या दशकात, तेल शोधण्यासाठी पाण्यात सुरुंग उडवले जात आणि मासळी मरते म्हणून तक्रारी होत. अखेर १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने खास निधी स्थापन केला. तेल उद्योगाने समुद्रात सोडलेल्या अडथळ्यांमुळे जाळ्यांचे नुकसान झाले तर त्यातून भरपाई मिळते. म्हणजे जाळेवाल्याचे दुःख कायद्याच्या कागदावर आले. गळवाल्याचे सुख मात्र कुठेच लिहिले गेले नाही. सुखाची नोंद कोण कशाला करील? पुढे हेच त्याला महाग पडले.

दुसरे नुकसान अधिक मोठे आणि शांतपणे झालेले. तेलापर्यंत पोचण्यासाठी कंपन्यांनी दलदलीतून हजारो मैलांचे कालवे खणले. त्यातून खारे पाणी आत शिरले, गोड्या पाण्यावरची झाडे-गवत मेले आणि मातीला धरणारे मूळच गेले. त्यात मिसिसिपीला दोन्ही बाजूंनी बांध घातलेले, म्हणजे नवा गाळ येणे बंद. जमीन खचत होती ती वेगळीच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या हिशेबाने १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन पाण्याखाली गेली. आपल्या मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांच्या क्षेत्रफळाच्या सातपटींहूनही हे अधिक भरते. ज्या खाजणात ट्राउटची आणि कोळंबीची पिल्ले वाढायची, तीच ही जमीन. बाहेर समुद्रात उद्योगाने माशांना नवे घर दिले आणि आत त्यांचे पाळणाघर बुडवायला हातभार लावला. खांबाजवळ गळ टाकून बसलेल्या माणसाला पहिली गोष्ट दिसायची. दुसरी दिसायला चाळीस वर्षे जावी लागली.

आणि आता तो खांबही निघतो आहे. मघाशी ज्या १९५८ च्या कलमाचा उल्लेख केला, त्यातच आणखी एक वाक्य होते. वापरात नसलेली बांधकामे पूर्णपणे काढून टाकली पाहिजेत. अमेरिकी भाडेपट्ट्यांतही अट अशीच. पट्टा संपला की वर्षभरात रिग काढा, आणि खांब तळाच्या १५ फूट खालून कापा, म्हणजे कोणाला मागमूस लागणार नाही. काढण्याची स्वस्त पद्धत म्हणजे खांबाच्या पोकळीत स्फोटके उतरवून उडवणे. त्या धक्क्याने आसपासच्या माशांचे वाताशय फुटतात आणि ते पोट वर करून तरंगतात. १९८६ च्या वसंतात टेक्सासच्या किनाऱ्यावर ५१ मेलेली समुद्री कासवे वाहून आली. त्याच सुमारास जवळच्या समुद्रात रिग काढण्यासाठी स्फोट झाले होते. त्यानंतर स्फोटांआधी निरीक्षक ठेवून कासवे पाहण्याची पद्धत आली.

मग विचार सुरू झाला, की हे लोखंड काढून भंगारात घालण्यापेक्षा समुद्रातच माशांसाठी का ठेवू नये? १९८४ मध्ये अमेरिकेने कृत्रिम खडपांना उत्तेजन देणारा कायदा केला आणि १९८६ मध्ये लुइझियानाने आपली योजना आखली. वरचा भाग काढायचा, पाय आडवे पाडायचे किंवा पाण्याखाली खोलवर कापायचे. कंपनीचा जो खर्च वाचेल त्याचा निम्मा भाग राज्याच्या निधीत जमा करायचा. योजना चांगली चालली. आखातात साडेपाचशेहून अधिक प्लॅटफॉर्म अशा रीतीने खडप झाले आहेत.

पण यात एक मेख आहे. जहाजांना धोका नको म्हणून अशा खडपावर साधारणपणे ८५ फूट मोकळे पाणी असावे लागते. आता आठवा, १९३८ ची विहीर १४ फूट पाण्यात होती, १९४७ ची वीसेक फुटांत. लहान होडीच्या आवाक्यातल्या रिगा उभ्या आहेत त्या अशाच उथळ पाण्यात. तिथे ८५ फूट आणायचे कुठून? म्हणून उथळ पाण्यातली रिग एकतर भंगारात जाते, नाहीतर ओढून दूर खोल पाण्यात नेऊन बुडवली जाते. खडप होते, मासे राहतात, अहवालात आकडाही चांगला दिसतो. पण ते मोठी बोट आणि दुप्पट इंधन परवडणाऱ्यांच्या वाट्याला. बावीस फुटी होडीवाला जिथे बांधायचा, तिथे आता पुन्हा नुसते पाणी आणि खाली चिखल.

गेल्या वीस वर्षांत वेग वाढला. २००५ च्या कॅटरिना आणि रिटा या वादळांनी शंभराहून अधिक प्लॅटफॉर्म मोडले. २० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन' या खोल पाण्यातल्या रिगवर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिले. एका टप्प्यावर आखातातल्या केंद्राच्या हद्दीतील ३७ टक्के पाणी मासेमारीला बंद होते. त्याच वर्षी सरकारने नोटीस काढली, की वापराविना पडून असलेल्या विहिरी बुजवा आणि लोखंड हलवा. दुर्घटना झाली खोल पाण्यात, पण साफसफाईचा रेटा पडला तो उथळ पाण्यातल्या म्हाताऱ्या रिगांवर. या शतकाच्या आरंभी आखातात सुमारे ४,००० प्लॅटफॉर्म होते. आज त्यांची संख्या निम्म्याहूनही बरीच खाली आली आहे.

मासेमारांनी तक्रारी केल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी एक रास्त प्रश्न विचारला. रिग मासे निर्माण करते, की इकडचे-तिकडचे मासे एका जागी गोळा करून पकडणे सोपे करते? १९८९ मध्ये जेम्स बोनसॅक यांनी हा प्रश्न नीट मांडला, आणि वाद अजून चालू आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील प्लॅटफॉर्मवरच्या अभ्यासात ते जगातल्या अत्यंत उत्पादक मत्स्य अधिवासांपैकी असल्याचे दिसले. पण समुद्र वेगळा, मासे वेगळे. रेड स्नॅपर तर पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतो. रिगवर मिळतो तो बहुतेक तरुण. अतिमासेमारीने तो इतका घटला होता, की २०१७ मध्ये केंद्राच्या हद्दीत हौशी मच्छीमारांना सुरुवातीला फक्त तीन दिवसांचा हंगाम जाहीर झाला. ओरड झाल्यावर तो ३९ दिवसांनी वाढवला गेला. म्हणजे होडीवाल्याची बाजू सोळा आणे खरी, असे म्हणता येत नाही. गंजलेली, गळकी, कोणी वाली नसलेली रिग समुद्रात सोडून देणे हाही काही उपाय नव्हे.

तरीही या इतिहासातून एक गोष्ट हाती लागते. सत्तर वर्षे हजारो सामान्य माणसांनी एका जागेचा उपयोग केला, तिचे शहाणपण गोळा केले, मुलांना दिले. पण तो उपयोग कोणत्याही पट्ट्यात, नकाशात वा अटीत लिहिला गेला नाही. तो कंपनीच्या दुर्लक्षावर आणि सरकारच्या सवलतीवर चालला. त्यामुळे जागा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा टेबलाशी कंपनी होती, केंद्र होते, जहाजवाले होते, शास्त्रज्ञ होते. ज्याची होडी त्या खांबाला बांधलेली असे, त्याच्यासाठी खुर्ची मांडायचे कोणाला सुचले नाही, कारण कागदोपत्री तो तिथे कधी नव्हताच.

हा प्रश्न आपल्याही दाराशी येतो आहे. बॉम्बे हायमधून तेल निघू लागले मे १९७६ मध्ये. तिथल्या लोखंडाचेही वय झाले. मुंबईच्या वायव्येकडील ताप्ती वायुक्षेत्रातले जुने प्लॅटफॉर्म काढण्याचे काम या दशकात हाती घेतले गेले. देशातला हा अशा प्रकारचा पहिलाच मोठा प्रकल्प. पुढे अशी कामे वाढत जातील. जे ५०० मीटरचे वर्तुळ इतकी वर्षे बंद होते, ते उघडेल. त्या तळावर काय उरेल? जाळी फाडणारे बुंधे, की स्वच्छ चिखल, की मुद्दाम ठेवलेले खडप? आणि ते डोलवाल्याच्या सोयीचे, की ट्रॉलरवाल्याच्या, की गळवाल्याच्या? सातपाटी, वसई, वर्सोवा इथल्या मच्छीमारांना तो समुद्र वावावावाने ठाऊक आहे. अभियंत्यांचे आराखडे पक्के होण्याआधी त्यांना विचारले गेले, तर लुइझियानाच्या होडीवाल्याचा इतिहास आपल्या उपयोगी पडला असे म्हणता येईल.